टाकीघराचा जुना प्रिंटर

मोबाईल पालथे घाला आधी. तो निळा उजेड तोंडावर पडला की भूत कोणतं आणि भाचरू कोणतं, मला कळत नाही. हां, असं. आता पांघरुणं नीट घ्या आणि मध्येच उठून पाणी-बिणी मागू नका.

भुताची गोष्ट पाहिजे म्हणता. उलटे पाय, मोकळे केस, विहिरीतून हाका, असलं मला काही येत नाही. मला एकच येते, आणि ती खरी आहे. माझ्या साडूला घडलेली. तुमच्या मामीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तोच तो, आपल्याकडे आला की आधी घरातल्या सगळ्या वायरी गुंडाळून ठेवतो. पटत नसेल तर त्याला फोन करून विचारा. फक्त दिवसा विचारा.

तारीख सांगतो. दोन वर्षांपूर्वीची एकोणीस फेब्रुवारी, सोमवार. रात्री पावणेअकराला साडू जेवून उठला, बायकोला म्हणाला, "तासा-दोन तासात येतो," आणि स्कूटर काढून कारखान्याकडे निघाला. काम अगदी साधं होतं. कॉम्प्युटरांच्या यादीतून जुन्या प्रिंटरांची नावं काढून टाकायची.

हसलात ना? हसा. साडूची बायकोही हसली होती.

तो होता रसायनाच्या कारखान्यात. सगळे त्याला वायरमन म्हणायचे आणि तो दरवेळी चिडून सांगायचा, "मी वायरमन नाही, मी नेटवर्क बघतो." ऐकतो कोण! तर त्या कारखान्यात प्रिंटर पंचवीस, सगळे सामाईक. कुणालाही कागद छापायचा असला की कॉम्प्युटरवर यादी उघडायची, प्रिंटरचं नाव निवडायचं, की कागद त्या त्या खोलीत जाऊन पडणार. प्रिंटर पंचवीस, आणि यादीत नावं किती? त्रेसष्ट. बाकीचे अडतीस कुठे गेले? भंगारात. काहींना भंगारात जाऊन चार वर्षं झाली होती, तरी यादीत आपले रुबाबात उभे.

"मामा, पण असं होत नाही," ही आपली चष्मिष म्हणणार, कारण ती कॉम्प्युटर शिकते. बरोबर आहे बाई तुझं. यादी झाडायचं काम सर्व्हर स्वतःच करतो. दर आठ तासांनी एकेका नावाला हाक मारतो. पलीकडच्या कॉम्प्युटरने ओ दिली तर ठीक. नाही दिली तर आठ तासांनी पुन्हा हाक. लागोपाठ तीन हाकांना ओ आली नाही, की नाव कापलं. माणसाने बोटसुद्धा लावायचं नाही.

मग अडतीस मेलेले उरले कसे? इथेच साडूने माती खाल्ली. जोडून सुट्ट्या आल्या की लोक आपापले कॉम्प्युटर बंद करून जायचे. सर्व्हर हाका मारून दमायचा आणि चांगल्या चालत्या प्रिंटरची नावं कापून टाकायचा. सुट्टीनंतर सगळे साडूच्या डोक्यावर. "वायरमन, आमचा प्रिंटर कुठे गेला?" असं तीनदा झालं. चौथ्यांदा साडू वैतागला. त्याने एक चौकट शोधून काढली, 'याचं नाव कधीही काढू नये', आणि एका दुपारी बसून सगळ्यांपुढे खूण करून टाकली. कटकट मिटली. पुढे प्रिंटर मरत गेले आणि खूण तशीच राहिली. त्याला आठवणसुद्धा राहिली नाही.

आता दुसरा माणूस. त्या कारखान्यात एक वेल्डर होता. धंदा वेल्डिंगचा आणि स्वभाव तसाच, म्हणून सगळे त्याला ठिणगी म्हणायचे. अन्याय दिसला की फुटलाच. पण कामाला चोख. रिकाम्या टाकीत उतरून आतून जोडकाम करायचं असलं की आधी परवाना लागतो, आत विषारी वायू नाही ना, हे बघून दिलेला. ठिणगी तो परवाना हातात आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. शाळा फार झाली नव्हती, पण कागद अक्षर-अक्षर लावून, ओठ हलवत, पूर्ण वाचायचा. सही करून तो फाईलला लावायचा आणि मगच उतरायचा.

आठ फेब्रुवारीला, गुरुवारी, त्याच्याजवळ परवाना होता. तीन वाजता उतरायचं. अडीचला तपासणीत त्या टाकीत वायू निघाला. परवानेवाल्या बाईंनी लगेच, दोन चाळीसला, परवाना रद्द केल्याचा कागद, ठिणगी होता त्या टाकीघराला पाठवला. यादी उघडली, 'टाकीघर' दिसलं, निवडलं. स्क्रीनवर काही तक्रार आली नाही. बाईंना वाटलं, पोचला.

पण 'टाकीघर' नावाचा प्रिंटर मेलेला होता. ते टाकीघर पाडून दीड वर्ष झालं होतं. नवं टाकीघर पुढे बांधलं, त्यातल्या नव्या प्रिंटरचं नाव होतं 'टीजी-नवीन-दोन-तळमजला'. घाईत असल्या नावाकडे बघतो कोण? कागद बाईंच्याच कॉम्प्युटरच्या रांगेत बसून राहिला. कोपऱ्यात एवढंसं चिन्ह आलं असेल. नाही दिसलं.

तीन वाजता ठिणगी उतरला. तीन वाजून दहा मिनिटांनी त्याला दोराने वर काढला.

…

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हजेरीपटावरून त्याचं नाव कापलं. ऐकताय ना? माणूस मेला तर सोळा-सतरा तासांत नाव कापतात, आणि प्रिंटर मेला तर दीड वर्ष यादीत ठेवतात! मी हे सांगतो तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मामी म्हणते, तुम्हाला रक्तदाब आहे, ही गोष्ट सांगू नका. सांगणार.

कारखान्याचे मोठे साहेब होते, त्यांना सगळे इस्त्रीसाहेब म्हणायचे. कपड्याला सुरकुती नाही आणि बोलण्यालाही नाही. ठिणगीची बायको फाटकाशी आली तेव्हा त्यांनी तिला केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं, आणि शांतपणे सांगितलं, "बाई, आम्ही कागद पाठवला होता. दोन चाळीसला. तुमच्या नवऱ्याने तो फेकून दिला आणि उतरला. हट्टी होता, तुम्हाला माहीतच आहे."

ती म्हणाली, "साहेब, तो हट्टी होता. पण वाचल्याशिवाय पाऊल टाकत नव्हता."

"आमच्याकडे नोंद आहे," साहेब म्हणाले.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ही! त्या बाईला दुसरं काही नको होतं. नवरा गेला तो गेला. पण पोरांनी मोठेपणी 'बाप स्वतःच्या मूर्खपणाने मेला' असं ऐकायचं? एवढंच तिचं म्हणणं होतं.

आणि खरं काय ते एकट्या साडूला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तो बाईंच्या कॉम्प्युटरचं काहीतरी दुरुस्त करायला बसला आणि रांगेत तो कागद दिसला. 'परवाना रद्द. टाकीत उतरू नये.' पाठवला दोन चाळीस. स्थिती, थांबला आहे. तो सरळ इस्त्रीसाहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. भोळा माणूस! साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मी बघतो."

त्यांनी जे बघितलं ते एकोणीस तारखेला संध्याकाळी कळलं. दुसऱ्या दिवशी दहाला सरकारी तपासनीस येणार होते.

साहेब म्हणाले, "अरे, ती प्रिंटरची यादी फार जुनी झालीय. आज रात्रीत साफ कर. जुने सगळे काढ, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवरून. रांगांसकट."

साडू म्हणाला, "साहेब, टाकीघर काढला तर तो कागदही जाईल."

साहेबांनी फाईल मिटली. "त्या चौकटीत खूण कुणी केली होती रे?"

"मी, साहेब."

"मग? मी तुझ्याच भल्याचं सांगतोय."

म्हणून रात्री पावणेअकराला साडू निघाला होता.

सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर. थंडगार, खिडकी नाही, पंख्यांची घरघर. खाली पाळीवर मोजकी माणसं, तीही पार दुसऱ्या टोकाला. साडू खुर्चीत बसला आणि एकेक नाव काढायला लागला. खूण काढायची, नाव काढायचं. पुढचं. मनात स्वतःलाच शिव्या घालत होता. साहेबाला घालत होता. ठिणगीलाही घातल्या, की बाबा, एकदा फोन करून विचारायचं होतंस! अपराधी माणूस सगळ्यांवर चिडतो, मेलेल्यावरही.

सदतीस नावं गेली. एक उरलं. ते त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

बारा वाजून पन्नास मिनिटं.

दुसऱ्या खिडकीत त्याने बाईंचा कॉम्प्युटर उघडला. कागद होता तिथेच. थांबला आहे. मग त्याने टाकीघराच्या नावापुढची खूण काढली. पण नाव काढण्याआधी स्वतः एक हाक मारून बघायची, ही त्याची सवय. अडतिसांपैकी सदतिसांना मारली होती, कुणी ओ दिली नव्हती. देणार कोण, भंगार?

त्याने हाक मारली.

ओ आली.

साडूला वाटलं, आपण चुकीचा पत्ता टाकला. पुन्हा बघितला. बरोबर होता. पुन्हा हाक मारली.

ओ आली.

तिसऱ्यांदा.

आली… आणि लगेच आली. जसं कुणी कधीपासून कान देऊन बसलंय.

माणसांना सांगतात, रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये. इथे हाक जिवंताने मारली होती. ओ पलीकडून आली होती.

साडूने डोकं शांत ठेवलं. म्हणाला, जुना पत्ता चुकून नव्या प्रिंटरला दिला गेला असेल. होतं असं. विचारा चष्मिषला. तेवढ्यात त्याची नजर दुसऱ्या खिडकीकडे गेली. अकरा दिवस 'थांबला आहे' म्हणणारी ओळ बदलली होती.

छापत आहे. पान एक पैकी एक.

एक वाजून चौदा मिनिटं.

साडू उठला तो जिना दोन-दोन पायऱ्या उतरत पळाला. कशाला? खोटं नाही सांगणार, त्यानेच मला सांगितलंय. कागद वाचवायला नाही. नव्या टाकीघरात तो सकाळी कुणाच्या हाती लागू नये, म्हणून. इतकी वाईट भीती बसली होती साहेबाची.

नव्या टाकीघराचा दिवा लावला. प्रिंटर बंद. हात लावून बघितला. गार. ताटलीत कागद नाही.

मग त्याला आवाज ऐकू आला.

कर्रर्र… कर्रर्र…

नव्या प्रिंटरचा असा आवाज नसतो, तुम्ही पोरांनी तो ऐकलेलाच नाही. जुने प्रिंटर सुया टोचून छापायचे. दोन्ही कडांना भोकं असलेला लांब कागद, आणि एकेका ओळीला किंचाळायचे. जुन्या टाकीघरात तसला होता. साडूनेच तो भंगाराच्या गाडीत चढवला होता. स्वतःच्या हाताने.

आवाज मागून येत होता. जिथे जुनं टाकीघर होतं तिथून.

तिथे आता काही नाही. सिमेंटची सपाट जमीन. कापलेल्या खांबांचे चार बुंधे. साडू दारात उभा राहिला आणि मोबाईलचा उजेड टाकला. रिकामी जमीन. आवाज त्या रिकाम्या जमिनीवरून, कमरेएवढ्या उंचीवरून येत होता. टेबल असतं ना, तेवढ्या.

कर्रर्र…

थांबला.

…

मग टर्र. कागद फाडला. भोकांच्या रेषेवरून, नीट, सावकाश.

पुढे काही नाही.

आणि मग कुणीतरी वाचायला लागलं. हळू. ओठातल्या ओठात. एकेक अक्षर लावून.

"प… र… वा… ना…"

"र… द्द."

…

"टा… कीत…"

"उ… त… रू…"

साडूला माहीत होतं पुढचा शब्द कोणता. त्याला वाटलं, तो ऐकला तर आपण इथेच संपू. पण तो दारातच उभा राहिला.

"न… ये."

…

…

कितीतरी वेळ काही नाही. मग सिमेंटवर धाडकन काहीतरी आपटलं. हेल्मेट. पुन्हा उचललं. पुन्हा आपटलं. पुन्हा. पुन्हा… शिवी नाही, हुंदका नाही. फक्त ते आपटणं. साडू म्हणतो, एवढा राग मी जिवंत माणसात बघितला नाही. आणि त्या उजेडात जमीन रिकामी होती.

तो पळाला.

सर्व्हरच्या खोलीत येऊन दाराला कडी लावली. स्क्रीनकडे बघितलं. बाईंच्या कॉम्प्युटरची रांग रिकामी होती. कागद गेला होता. छापून झाला म्हणजे नाहीसा होतो ना, तसा.

दीड वाजता फोन वाजला. इस्त्रीसाहेब. बघा, झोप त्यांनाही नव्हती.

"झालं का?"

साडू रिकाम्या रांगेकडे बघत होता.

"अरे, रांगेत काही उरलंय का?"

"नाही साहेब," साडू म्हणाला. आणि ते खरं होतं.

"शाबास. घरी जा आता. शांत झोप."

शांत झोप! तो शब्द ऐकला आणि साडूची भीती कुठल्या कुठे गेली. तिच्या जागी राग आला. साहेबाचा राग, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तो माणूस मेल्यावरसुद्धा अकरा दिवस आपल्या कागदाची वाट बघत उभा होता. आणि आपण काय करायला आलो होतो? तो कागद पुसायला. कटकट नको म्हणून केलेली एक खूण झाकायला. साडू सकाळपर्यंत त्या खुर्चीत बसून होता. बायकोला फोनसुद्धा केला नाही.

दहाला बैठक भरली. लांब टेबल. तपासनीस, पिकल्या केसांचा, कमी बोलणारा माणूस. इस्त्रीसाहेब. परवानेवाल्या बाई, रडून डोळे सुजलेल्या. दाराजवळच्या खुर्चीवर ठिणगीची बायको. साडूला कॉम्प्युटरविषयी काही विचारलं तर असावा म्हणून बसवलेला.

साहेबांनी सगळं छान सांगितलं. कागद दोन चाळीसला पाठवला. मृताने दुर्लक्ष केलं. सही केलेली प्रत फाईलला न लावता फेकून दिली. दुर्दैवी घटना.

साडू उभा राहिला.

"पोचला नव्हता," तो म्हणाला.

"बस खाली," साहेब.

"नाही बसत. कागद पोचलाच नव्हता. यादीत मेलेला प्रिंटर होता, त्याच्या नावाने गेला आणि अडकला. ते नाव यादीत माझ्यामुळे राहिलं. खूण मी केली होती. यांना मी दहा दिवसांपूर्वी सांगितलं, आणि काल यांनी मला ते पुसायला लावलं. तो माणूस हट्टी नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नाही!"

शेवटचं वाक्य तो ओरडला. इतका की बाहेरचे लोक दाराशी आले.

साहेब हसले. चोराच्या उलट्या बोंबा कशा असतात बघा. म्हणाले, "स्वतःची चूक आमच्या गळ्यात मारतोय. अडकलेला कागद दाखव की मग."

"नाही दाखवू शकत."

"का?"

"रात्री एक चौदाला छापला गेला."

"कुठे?"

साडूकडे सांगायला होती ती रिकामी जमीन. ती कुणाला दाखवणार?

तपासनीस दोघांकडे बघत होते. मग त्यांनी पिशवीतून एक जाड लिफाफा काढला. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी टाकीघराची सह्या केलेल्या परवान्यांची फाईल ताब्यात घेतली होती. कागद स्वतः मोजले होते, लिफाफ्यावर लिहिलं होतं, चौदा. लाखेचं सील स्वतः लावलं होतं, आणि लिफाफा त्यांच्या कपाटाबाहेर गेला नव्हता. "बघू या काय काय आहे यात," म्हणाले आणि सगळ्यांसमोर सील तोडलं.

मोजले. पुन्हा मोजले.

पंधरा.

सगळ्यात वरचा कागद त्यांनी उचलला. दोन्ही कडांना भोकं. सुयांनी टोचलेली फिकी अक्षरं. त्यांनी तो वाचला, आणि ठिणगीच्या बायकोपुढे नेऊन धरला. "ही सही कुणाची?"

तिने कागद हातात घेतला. सहीवरून बोट फिरवलं. "त्याचीच," ती म्हणाली.

सहीपुढे तारीख होती वीस फेब्रुवारी, म्हणजे त्याच दिवसाची. वेळ, रात्री एक वाजून सतरा मिनिटं. आणि खाली शेऱ्याच्या जागी, एकेक अक्षर सुटं काढून, दोन शब्द लिहिले होते. 'उशिरा मिळाला.' दुसरा शब्द लिहिताना पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता.